शेवटची भेट : आत्ताच

३ नोव्हेंबर, सोमवार

महाविद्यालयाला कुलूप लागल्यापासून मला फळा उरलेला नाही. समजावून सांगणे ही ज्याची आयुष्यभराची खोड, त्याच्यापुढून फळा काढून घेतला की तो माणूस स्वयंपाकघरातल्या भांड्यांना धडे देऊ लागतो. माझे तसेच होऊ लागले होते. सकाळी अंथरुणातून उठण्याचे कारण सापडत नसे, आणि सापडलेच तर ते दुपारपर्यंत टिकत नसे. म्हणून ही वही घेतली. हिच्यात कामाची टिपणे लिहीन, आणि मन फारच खचले तर तेही लिहीन. वाचणारे कोणी नाही, तेव्हा संकोचाचे कारण नाही.

नवी कचेरी म्हणजे कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या दुकानावरच्या दोन खोल्या. दिवसभर फरशीतून ऊब येते आणि ओल्या कापडाचा वास. आमच्या संस्थेचे काम सांगायला सोपे आहे. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी परिचारिका जाते, गोळ्यांची डबी भरते, रक्तदाब पाहते, चार शब्द बोलते आणि निघताना आपल्या फोनवर भेटीची नोंद करते. दूर राहणारी मुले आमच्या संकेतस्थळावर आईवडिलांचे पान उघडतात आणि त्यांना दिसते : ‘शेवटची भेट : आज सकाळी’. ते संकेतस्थळ उभे करण्याचे काम माझ्याकडे आहे. संस्था चालवणाऱ्या साहेबांनी मला स्पष्टच सांगितले आहे की वर्षअखेरपर्यंत घरे वाढली नाहीत तर हेही बंद. दुसऱ्यांदा कुलूप पाहण्याची माझ्यात ताकद नाही.

शनिवारी बाबांकडे जाऊन त्यांचे घरही आमच्याच सेवेत नोंदवून आले. ते दुसऱ्या गावी, आगगाडीने दिवस मोडतो इतक्या अंतरावर, एकटे राहतात. त्यांच्या हृदयाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या आजवर शेजारच्या काकू डबीत भरून ठेवत, कारण बाबांचे हात थरथरतात आणि पाकिटातली गोळी त्यांना सोलता येत नाही. काकू आता मुलीच्या बाळंतपणाला गेल्या आहेत. बाबांना ऐकू येणे जवळजवळ बंद झाले आहे, आमचे सगळे बोलणे पाटीवर चालते. मी लिहिले, ‘रोज सकाळी परिचारिका येईल. आणि मला तिकडून सगळे दिसत राहील.’ त्यांनी चष्मा चढवून, पाटी नाकाशी धरून ते दोनदा वाचले.

“सगळं दिसणार तुला?”

मी मान हलवली. “छान,” म्हणाले.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज फळा मिळाला. नव्याने रुजू झालेल्या तिघांना हेल्पर फंक्शन शिकवायचे होते. बऱ्याच दिवसांनी आवाज नीट फुटला.

मी त्यांना सांगितले की फ्रेमवर्क म्हणजे संकेतस्थळाचा तयार सांगाडा. भिंती कुठे, दारे कुठे, पाणी कुठून यायचे, हे त्याने ठरवूनच ठेवलेले असते. आपण त्यात फक्त संसार मांडायचा. पानांचे साचेही त्यातच असतात, आणि साच्यात मधे मधे रिकाम्या जागा असतात. इथे नाव, इथे वेळ. आता वेळ यंत्राच्या पोटात जशी साठवलेली असते तशीच पानावर उतरवली तर आकड्यांची माळ दिसेल. आजारी आईच्या मुलाने ती घेऊन करायचे काय? म्हणून मधे एक छोटेसे फंक्शन, म्हणजे एकच काम करणारा आज्ञांचा तुकडा, ठेवायचे. ते एका हाताने कच्ची वेळ घेते आणि दुसऱ्या हाताने ‘काल संध्याकाळी’ असे माणसाचे शब्द देते. जग त्याला हेल्पर म्हणते, मी मदतनीस म्हणते. त्याचे सौंदर्य असे की तो एकदाच लिहायचा आणि हव्या त्या पानावरून हाक मारायची. एका ठिकाणी सुधारला की सगळीकडे सुधारतो. आणि सर्वांत महत्त्वाचे (इथे मी खडू फळ्यावर टेकवून क्षणभर थांबले, जुनी लकब), मदतनीस नवी माहिती निर्माण करत नाही. आहे ती नीट मांडतो, एवढेच त्याचे काम.

मागच्या बाकावरून शंकासूर बोलला. हा माझा जुना विद्यार्थी, आता कानावरचे केस पिकलेला. आम्ही जे बांधतो ते मोडते का हे पाहणे हेच त्याचे काम असल्यामुळे कचेरीत त्याचे हे नाव पडले, आणि त्याला ते आवडते असे मला वाटते.

“बाई, मांडायला काही नसलंच तर?”

“म्हणजे?”

“म्हणजे रिकामाच हात पुढे केला, तर तो काय देणार?”

बाकीचे हसले. प्रश्न चांगला आहे, पुढच्या तासाला घेऊ, असे मी म्हटले आणि फळा पुसला. घरी येईपर्यंत उत्साह पार उतरला. खोलीत दिवा लावण्याचाही कंटाळा आला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

एका गृहस्थांचा फोन आला. आईचे घर नुकतेच नोंदवले आहे, आणि तिच्या पानावर ‘शेवटची भेट : अवैध दिनांक’ असे दिसते. “माझी आई अवैध आहे का हो?” असे त्यांनी विचारले, आणि साहेबांनी तो प्रश्न जसाच्या तसा माझ्या टेबलावर आणून टाकला. खरे म्हणजे बाबांच्या पानावरही मी दोन दिवस तेच पाहत होते, आणि ओशाळून गप्प होते. स्वतःच्या वडिलांच्या नावापुढे स्वतःचीच चूक.

कारण शोधायला वेळ लागला नाही. मदतनीसाकडे वेळच येत नव्हती. घर नवे, त्यामुळे पहिल्या भेटीची नोंद अजून वाटेत. परिचारिकेच्या फोनवरून ती आमच्यापर्यंत पोचायला कधी कधी उशीर होतो, हे मला ठाऊक आहे. म्हणजे नोंद आलेली नाही याचा अर्थ भेट नुकतीच झाली असणार. मी मदतनीसात एकच ओळ घातली : वेळ रिकामी आली तर चालू क्षण धरावा. लगेच बाबांच्या पानावर शब्द उमटले, ‘शेवटची भेट : आत्ताच’. जीव भांड्यात पडला.

शंकासूर पाठीमागे येऊन उभा होता. “असणार?” एवढेच म्हणाला.

मी त्याला शांतपणे समजावले की प्रत्येक घराला परिचारिका नेमलेली असते, त्याशिवाय घर नोंदवलेच जात नाही. वेळ कायमची रिकामी राहणे संभवत नाही. त्याने मान डोलावली. पटल्यावर डोलावतो तशी ती नव्हती, पण हातात दुसरे काम असल्यामुळे तो गेला.

एक गोष्ट मात्र टिपून ठेवण्याजोगी आहे. नियोजन विभागाच्या पडद्यावर, ज्या घरी दिवसभर कोणी गेलेले नाही त्या घरापुढे तांबडी खूण पेटते. ती खूणही याच मदतनीसाला विचारून पेटते. नव्या घरांपुढच्या फसव्या खुणा आज एका ओळीने विझल्या. नियोजनवाल्या बाईंनी पलीकडच्या खोलीतून ओरडून आभार मानले. एका जागी दुरुस्ती आणि सगळीकडे लाभ. मंगळवारच्या तासाला याहून चांगले उदाहरण मिळाले नसते. साहेब पान पाहून म्हणाले, “आता कसं घरगुती वाटतं.”

९ नोव्हेंबर, रविवार

सुट्टीचा दिवस मला सोसत नाही. सकाळपासून खिडकीशी बसून होते. समोरच्या इमारतीतला माणूस गाडी धूत होता, त्याची बायको वरून त्याला राहिलेले डाग दाखवत होती, आणि तेवढ्यानेच मला रडू आले. कशासाठी ते सांगता येत नाही.

बाबांना फोन लावला. बऱ्याच वेळाने उचलला. मी विचारले, परिचारिका येते का. “छान,” ते म्हणाले. गोळ्या घेता का? “छान, छान. तू जेवलीस का?” आणि उत्तराची वाट न पाहता ठेवून दिला. ऐकू आले नाही की बाबा छान म्हणतात. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून अर्ध्या आयुष्यात पडलेली सवय आहे ही. आम्ही बहिणी लहानपणी तिची नक्कल करत असू.

ताई समुद्रापलीकडे असते. दुपारी तिचा फोन आला तेव्हा मी तिला हे सांगितले. ती म्हणाली, “मास्तरीणबाई, त्यांना घराला आग लागली का विचारलं असतंस तरी छानच म्हणाले असते. जाऊन बघ ना एकदा.”

मी तिला सांगितले की जाऊन पाहण्याची गरज पडू नये यासाठीच ही सगळी व्यवस्था आहे. तिला पान कसे उघडायचे ते टप्प्याटप्प्याने शिकवले. तिनेही पाहिले : आत्ताच. “बरं बाई,” ती म्हणाली, “तुझं यंत्र म्हणतंय तर.”

ठेवल्यावर वाटले, जायला हवे होते. पण दिवसभराचा प्रवास, परत यायचे, सोमवारी साहेबांना नवी पाने दाखवायची. आणि खरे लिहायचे तर घराबाहेर पडण्याच्या विचारानेच हातपाय गळतात.

१२ नोव्हेंबर, बुधवार

झोप धड होत नाही. उजाडता उजाडता बाबांचे पान उघडले : आत्ताच. ही परिचारिका फारच लवकर उठणारी दिसते. जेवणाच्या सुट्टीत उघडले, आत्ताच. संध्याकाळी उघडले, तेव्हाही तेच. दिवसातून अनेकदा डोकावत असावी. बाबा आहेतच लाघवी, परक्या माणसालाही दोन घटका बसवून घेतात. तिचे नाव अजून पानावर आलेले नाही. नियोजनाकडून भरायचे राहिले असेल. आले की तिला आभाराचे दोन शब्द लिहीन.

या सगळ्या काळोखात तेवढाच एक शब्द आहे. तो दिसला की मी पुन्हा पांघरूण ओढून घेते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

 क्रमाने लिहिते, कारण क्रमाने लिहिले नाही तर मी मोडून पडेन.

दुपारी शंकासूर माझ्या टेबलाशी आला. त्याने हातातला संगणक माझ्यापुढे ठेवला, पडदा माझ्याकडे वळवला, आणि खुर्ची ओढून बसला. तो कधी बसत नाही.

“बाई, तुमच्या त्या ओळीमागे काय काय दडलंय ते शोधत होतो. ज्यांची वेळ रिकामी आहे अशी घरं काढली. तीन निघाली. त्यातल्या या घराला परिचारिकाच नाही. नेमली होती ती रुजू व्हायच्या आधीच सोडून गेली. खूण विझलेली, म्हणून कुणी दुसरी नेमली नाही. नोंदवल्यापासून इथं कुणी गेलेलंच नाही. पण पान म्हणतंय, आत्ताच.” मग त्याने आवाज खाली आणला. “आडनाव तुमचं आहे. म्हणून आधी तुमच्याकडे आलो.”

मी पडद्याकडे पाहिले. बाबांचे नाव. पुढे तो शब्द.

मला आठवते की मी त्याला समजावू लागले. मी म्हटले, नाही, नोंद वाटेत असणार, फोनला जोड मिळत नसेल. तो ऐकत राहिला, आणि माझे वाक्य आपोआप संपले.

बाबांचा फोन वाजत राहिला. काकूंचा लागेना. साहेबांनी त्या गावातल्या रुग्णालयाला कळवून रुग्णवाहिका पाठवली. मी जिन्यात उभी होते. खालून इस्त्रीची वाफ येत होती आणि दुकानातला माणूस गुणगुणत होता. मग फोन आला. दार फोडावे लागले नाही. कडी काढलेलीच होती. बाबा ओट्याजवळ जमिनीवर होते. जिवंत होते.

शंकासूर मला स्टेशनावर सोडायला आला.  मी त्याला म्हटले, तू विचारले होतेस. तो म्हणाला, “मी विचारून थांबलो, बाई.”

१५ नोव्हेंबर, शनिवार

कमरेचे हाड मोडले आहे, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या की ते सर्वांत कमी काळजीचे कारण. गोळ्या बंद पडल्यामुळे रक्तदाब चढला, डोक्यात छोटासा झटका आला असावा, त्यात पडले. पडल्यावर पाण्यावाचून राहिले, त्याने मूत्रपिंडे थकली आहेत. किती वेळ पडून होते, हे त्यांनी मला विचारले. माझ्याकडे त्याची नोंद असायला हवी होती.

दुपारी घरी जाऊन त्यांचे कपडे घेतले. स्वयंपाकघरात टेबलावर दोन कप मांडलेले, बशा पालथ्या घालून झाकलेले. भिंतीशी नेहमी असते ती जास्तीची खुर्ची दाराजवळ आणून ठेवलेली. गोळ्यांची डबी रिकामी, झाकण उघडे, आणि शेजारी पाकिटे एकावर एक रचलेली. येणाऱ्या बाईला शोधावे लागू नये म्हणून असेल. दाढीचे सामान धुऊन पुसून ठेवलेले. म्हणजे ते रोज तयार होऊन बसत होते. मी ती खुर्ची परत भिंतीशी लावू गेले आणि लावता आली नाही.

चष्मा ओट्याखाली सापडला. एक काच तडकलेली, एक काडी निखळलेली. दुरुस्तीला द्यावा म्हणून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला.

संध्याकाळी त्यांच्या पलंगाशी बसून, हाताला सवय म्हणून, फोनवर पान उघडले. त्या ओळीची सुधारणा अजून पानावर चढवलेली नव्हती. ‘शेवटची भेट : आत्ताच.’ पहिल्यांदाच ते खरे होते. मी फोन उशीखाली सारला आणि त्यांचा हात धरला. हाताला वजनच नव्हते.

१७ नोव्हेंबर, सोमवार

साहेबांचा फोन. बाकीच्या दोन घरी माणसे सुखरूप आहेत. फोन केलेल्या त्या गृहस्थांची आई तर त्याच गावातल्या भाचीकडे राहायला गेली होती. साहेब खरोखरीच हळहळले. चूक एकट्या माझी नाही, असे म्हणाले. मग म्हणाले की रिकाम्या जागी आता ‘भेट नियोजित’ असे दाखवू या का, म्हणजे लोकांना धक्का बसणार नाही.

 मी म्हटले, “साहेब, ‘एकही भेट नाही’ असं लिहा. तांबड्या अक्षरांत.”

“मॅडम, घरं निघून जातील.”

“जाऊ द्या. कुणीतरी घाबरून जाऊन तरी बघेल.”

 शेवटी ते म्हणाले, शंकासुराला सांगतो.

त्यानंतर मी रुग्णालयाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून मनातल्या मनात तास घेतला. विषय : मदतनीसाचे दोष. समोर कोणीच नव्हते. मदतनीस नवी माहिती निर्माण करत नाही, हे मीच खडू टेकवून सांगितले, आणि त्यानंतर अवघ्या दोन दिवसांत मी त्याच्याकडून माझ्या बापाची भेट निर्माण करून घेतली. ‘अवैध दिनांक’ हे शब्द ओबडधोबड होते, पण ते ओरडत होते. मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. आणि एका जागी ठेवला म्हणून तो सगळीकडे बसला, पानावर, खुणेवर, ताईच्या फोनवर. हे इतके स्वच्छ समजते आहे, आणि या समजण्याचा आता कुणालाही काही उपयोग नाही. शिकवण्याचा मला इतका तिटकारा कधी आला नव्हता.

१९ नोव्हेंबर, बुधवार

बाबा आज थोडे जागे होते. इथल्या परिचारिकेने चमच्याने पाणी दिले. मला पाहून ओळखले. हसले असे म्हणता येणार नाही, पण ओठ हलले. मी काही विचारण्याच्या आत, आपण होऊनच बोलले. आवाज अगदी बारीक.

“कुणी आलं नाही गं.”

मी त्यांचे कपाळ कुरवाळत राहिले.

“म्हटलं, शेजारी सांगावं. पण म्हटलं, तुला दिसतंय. तू काहीतरी करत असशील.” थोडा वेळ नुसते छताकडे पाहत होते. “तुला दिसत होतं ना?”

त्यांना ऐकू येत नाही, त्यामुळे माझे काहीही बोलणे वाया होते. पाटी घरी राहिली होती. मान हलवायची तर कोणत्या दिशेने? मी नळावर पाणी आणायला गेले, आणि आले तोवर त्यांचे डोळे मिटले होते.

‘हो’ म्हटले तर त्यांना वाटेल की मला दिसत होते आणि मी आले नाही. ‘नाही’ म्हटले तर ते ज्या एका भरवशावर जमिनीवर पडून होते तोही खोटा होता असे कळेल. दोन्हींपैकी कमी क्रूर काय ते मी दिवसभर ताडून पाहिले. ताईला विचारले. ती विमानाच्या तिकिटासाठी धावपळ करत होती. रडत म्हणाली, “खरं काय ते सांग आणि मोकळी हो. त्यांना कळेल. तुझ्यापेक्षा जास्त कळतं त्यांना.”

२० नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी घरून पाटी आणली.

आधी एकच वाक्य लिहिले : ‘नाही बाबा, मला दिसत नव्हते.’ ते फार उघडे वाटले. पुसले. मग नीट, पहिल्यापासून लिहिले. पानाचा साचा, त्यातली रिकामी जागा, मदतनीस, मी घातलेली ओळ, ती का घातली, तिने काय केले. जागा कमी पडू लागली तेव्हा अक्षर लहान केले. पाटीची एक बाजू भरली, दुसरी बाजू भरली. शेवटी कोपऱ्यात लिहिले, ‘माझी चूक. मला क्षमा करा.’ इतके सरळ आणि मुद्देसूद मी कधी लिहिले नव्हते. गुंतागुंतीचे असूनही कुठे संदिग्ध राहिले नाही.

बाबांना उशा लावून थोडे उचलले आणि पाटी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली. नाकाशी नेली. हात थरथरत होते म्हणून मी खालून आधार दिला. ते बराच वेळ पाहत होते. एका ओळीवरून बोट फिरवले, जणू शब्द चाचपून पाहावेत. मी पाटी उलटी केली, तीही बाजू पाहिली. मग माझ्याकडे पाहिले, अगदी थेट.

“छान,” म्हणाले.

आणि पाटी माझ्या हातात परत दिली.

मी बाहेर येऊन भिंतीला टेकून रडले. गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा छातीवरचा दगड किंचित हलला. त्यांनी सगळे वाचले, आणि तरी ‘छान’ म्हणाले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

बाबा सकाळी गेले. मी शेजारीच होते.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

ताई आली, सगळे पार पडले. आता आम्ही दोघी बाबांच्या घरात आवराआवर करत असतो, म्हणजे एक वस्तू उचलतो आणि तिथेच ठेवतो. ते दोन कप अजून टेबलावर आहेत. ताई म्हणते, उद्या धुऊ. तिने कालही उद्याच म्हटले होते.

शंकासुराने कळवले आहे की नवे शब्द पानांवर चढले. मी घातलेली ओळ त्याने बंद केली, पण पुसून टाकली नाही. शेजारी ती का बंद केली ते लिहून ठेवले, पुढे कोणी पुन्हा घालू नये म्हणून. आठ घरे सेवा सोडून गेली. साहेब मला काढत नाहीत. परत या म्हणतात. परत जाऊन फळ्यापुढे उभे राहण्याची कल्पनाही करवत नाही.

आज दुपारी ताईने विचारले, बाबा शेवटी काही बोलले का. मी तिला पाटीची हकिगत सांगितली. दोन्ही बाजू भरून लिहिल्याचे ऐकून ती हसली, खूप दिवसांनी. “मरणाऱ्या माणसाचाही तास घेतलास.” मग डोळे पुसत म्हणाली, “आणि छान म्हणाले ना? मग झालं तर. सुटलीस तू.”

मीही मान हलवली. गेले काही दिवस मी त्याच एका शब्दाच्या आधाराने उठते आहे.

संध्याकाळी कपाटाची किल्ली हवी होती. माझे हात धुण्यात गुंतले होते, म्हणून ताईला म्हटले, पर्समध्ये बघ, आतल्या कप्प्यात. किल्ली येईना. मी वळून पाहिले. तिच्या तळहातावर बाबांचा चष्मा होता, तडकलेली काच वर करून.

“हा तुझ्याकडे कधीपासून आहे?”

“पहिल्या दिवसापासून. दुरुस्तीला द्यायचा राहून गेला.”

“म्हणजे पाटी त्यांनी…”

 तिने चष्मा टेबलावर, कपांच्या शेजारी, हलकेच ठेवला आणि नळ बंद करायला माझ्याकडे आली, कारण मी तो बंद करायचे विसरले होते.

मघापासून ही वही उघडून बसले आहे. इथे पुढे काय लिहावे ते मला माहीत नाही. ही जागा मी भरत नाही.